हलणाऱ्या गोष्टींचे फोटो धूसर का येतात? ऑटोफोकसचा कोणता मोड कधी वापरायचा?

शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत सुरू आहे. आपलं मूल सगळ्यांच्या पुढे, थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतंय. तुम्ही पटापट दहा-बारा फोटो काढता. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहता, तर मागची कुंपणाची जाळी लख्ख आणि मुलाचा चेहरा धूसर. ती शर्यत काही पुन्हा होणार नसते.

असं झालं की आपण कॅमेऱ्याला किंवा लेन्सला दोष देतो आणि नवीन, महागड्या कॅमेऱ्याच्या किमती पाहायला लागतो. पण बऱ्याचदा उपाय हातातल्याच कॅमेऱ्यात असतो. तो म्हणजे ऑटोफोकसचा योग्य मोड.

मेनूमधली नावं पाहून गोंधळायला होतं हे खरं. एएफ-एस, एएफ-सी, सर्व्हो, झोन, डायनॅमिक, ट्रॅकिंग... यादी संपत नाही. पण मुळात तुम्हाला कॅमेऱ्याला दोनच गोष्टी सांगायच्या असतात:

- फोकस एकदा घेऊन थांबायचं, की सतत बदलत राहायचं? याला म्हणतात फोकस मोड.
- फ्रेमच्या कोणत्या भागात पाहायचं? याला म्हणतात एएफ एरिया.

ही दोन वेगवेगळी सेटिंग्ज आहेत. एक बदललं म्हणजे दुसरं आपोआप बदलत नाही. ही गोष्ट लक्षात आली की बाकीचं सगळं सोपं होतं.

## आधी हे तपासा: फोटो नक्की कशामुळे बिघडला?

प्रत्येक धूसर फोटो फोकस चुकल्यामुळेच धूसर असतो असं नाही. सेटिंग बदलण्याआधी बिघडलेला फोटो झूम करून नीट पाहा.

फ्रेममधली दुसरीच गोष्ट स्पष्ट आहे का? मुलाचा चेहरा धूसर, पण त्याच्या मागची जाळी किंवा पुढचं गवत स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे. हा लेख मुख्यतः याच अडचणीबद्दल आहे.

मागची भिंत, झाडं स्पष्ट आहेत, पण हलणाऱ्या माणसाच्या कडा फरफटल्यासारख्या दिसतात का? मग शटर स्पीड कमी पडला. इथे ऑटोफोकसचा कोणताही मोड उपयोगाचा नाही.

सगळाच फोटो एका दिशेनं ओढल्यासारखा दिसतो का? मग तुमचा हात हलला आहे.

शटर स्पीडचा साधारण अंदाज असा ठेवा: चालणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंद, धावणाऱ्या मुलांसाठी १/५०० ते १/१०००, मैदानी खेळांसाठी १/१००० किंवा जास्त आणि उडणाऱ्या पक्ष्यांसाठी १/२००० च्या आसपास. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, फरफटलेला चेहरा दुरुस्त करता येत नाही.

## क्षणभराच्या उशिरानं एवढा काय फरक पडतो?

थोडं गणित करून पाहू. समजा, तुमच्याकडे फुल फ्रेम कॅमेरा आणि ८५ मिलीमीटरची लेन्स आहे, ॲपर्चर एफ/१.८ आहे आणि मूल ३ मीटरवर आहे. या स्थितीत फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जेमतेम १३ सेंटिमीटरचा असतो. फोकस डोळ्यांवर असेल तर त्याच्या पुढे सहा-सात आणि मागे सहा-सात सेंटिमीटर, एवढंच.

आता ते मूल सेकंदाला ४ मीटर वेगानं तुमच्याकडे धावतंय. कॅमेऱ्यानं फोकस घेतला, तुम्ही बटण पूर्ण दाबलं आणि शटर उघडलं, यात सेकंदाचा दहावा भाग गेला असं धरू. तेवढ्यात मूल ४० सेंटिमीटर पुढे आलं. स्पष्ट पट्टा होता १३ सेंटिमीटरचा. म्हणजे फोकस अचूक घेतला होता, पण जिथे घेतला तिथे आता मूल नाही.

म्हणूनच मागची जाळी स्पष्ट आणि चेहरा धूसर असा फोटो मिळतो. कॅमेऱ्यानं चूक केलेली नसते. तुम्ही त्याला थांबायला सांगितलं होतं आणि तो थांबला.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. तेच मूल तुमच्या समोरून डावीकडून उजवीकडे धावत गेलं, तर त्याचं तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. अशा वेळी साध्या मोडमध्येही बरे फोटो येतात. खरी परीक्षा असते ती थेट कॅमेऱ्याकडे येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या गोष्टींची.

## पहिला प्रश्न: थांबायचं की पाठलाग करायचा?

जवळपास सगळ्या डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांत हे मुख्य पर्याय असतात.

सिंगल ऑटोफोकस. कॅननमध्ये याला वन-शॉट म्हणतात, तर निकॉन आणि सोनीमध्ये एएफ-एस. शटर बटण अर्धवट दाबलं की कॅमेरा फोकस घेतो, बहुतेक कॅमेरे 'बीप' करतात आणि बोट उचलेपर्यंत फोकस तिथेच अडकून राहतो. देऊळ, डोंगर, जेवणाचं ताट, पोज देऊन बसलेली माणसं यांच्यासाठी हा मोड उत्तम.

कंटिन्युअस ऑटोफोकस. कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो, कॅननच्या मिररलेसमध्ये सर्व्हो एएफ, निकॉन, सोनी आणि फुजीफिल्ममध्ये एएफ-सी. इथे बटण अर्धवट दाबून ठेवलं की कॅमेरा फोकस सतत बदलत राहतो. विषय पुढे आला, मागे गेला, थांबला, पुन्हा पळाला तरी लेन्स त्याच्या मागे असते. हलणाऱ्या गोष्टींसाठी तुम्हाला हवा तो हाच मोड.

ऑटोमॅटिक निवड. कॅननचा एआय फोकस, निकॉन आणि सोनीचा एएफ-ए. विषय स्थिर आहे की हलतोय हे कॅमेराच ठरवतो. ऐकायला सोयीचं वाटतं, पण विषय हलतोय हे ओळखून मोड बदलण्यात वेळ जातो आणि नेमका तेवढाच वेळ तुमच्याकडे नसतो. विषय हलणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल, तर निर्णय कॅमेऱ्यावर सोडू नका.

पहिल्यांदाच कंटिन्युअस मोड वापरणाऱ्यांना दोन गोष्टी खटकतात. एक, बीप ऐकू येत नाही. साहजिक आहे, कारण फोकस 'झाला' असं कॅमेरा कधी म्हणतच नाही, तो सतत चालूच असतो. दोन, मधल्या पॉइंटनं फोकस घेऊन मग कॅमेरा थोडा वळवून फ्रेम बदलायची सवय इथे घात करते. कॅमेरा वळवलात की पॉइंट मागच्या भिंतीवर जातो आणि फोकसही भिंतीवर जातो. त्यामुळे या मोडमध्ये फोकस पॉइंट शेवटपर्यंत विषयावरच राहिला पाहिजे.

## विषय पुढे कुठे जाईल हे कॅमेऱ्याला कसं कळतं?

ऑटोफोकसची दोन मुख्य तंत्रं आहेत.

जुन्या रेडिओवर स्टेशन लावणं आठवा. बटण फिरवत राहायचं, आवाज स्पष्ट होत जातो, मग पुन्हा खरखर सुरू होते, तेव्हा कळतं की आपण पुढे गेलो. मग थोडं मागे यायचं. कॉन्ट्रास्ट डिटेक्शन असंच चालतं. लेन्स पुढे-मागे करून चित्र कुठे सर्वांत स्पष्ट होतं ते शोधायचं. स्थिर गोष्टींसाठी हे अचूक आहे, पण पळणाऱ्या गोष्टीसाठी हे चाचपडणं महागात पडतं.

फेज डिटेक्शन वेगळं आहे. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश वेगवेगळा मोजून कॅमेरा त्यांची तुलना करतो. दोन्ही प्रतिमा जुळत नसतील तर त्या किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत, यावरून लेन्स कुठल्या दिशेनं आणि साधारण किती फिरवायची हे लगेच कळतं. चाचपडावं लागत नाही.

अशी मोजमापं लागोपाठ घेतली की कॅमेऱ्याला विषयाचा वेगही कळतो. मग तो हिशेब करतो, की शटर उघडेल त्या क्षणी विषय कुठे असेल, आणि लेन्स तिथे आधीच नेऊन ठेवतो. याला प्रेडिक्टिव्ह ऑटोफोकस म्हणतात. म्हणूनच अगदी शेवटच्या क्षणी बटण दाबण्यापेक्षा, अर्धवट दाबून निदान सेकंदभर विषयाचा पाठलाग करावा आणि मग फोटो काढावेत. कॅमेऱ्याला वेगाचा अंदाज घ्यायला तेवढी संधी मिळते.

हे सगळं घडायला काही दशकं लागली. ऑटोफोकस असलेला बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांत ऑटोफोकस रुळला. डीएसएलआरमध्ये फेज डिटेक्शनसाठी आरशाखाली वेगळा सेन्सर असतो. २०१३ च्या कॅनन ईओएस ७०डीमध्ये हे काम मुख्य सेन्सरवरचे पिक्सेलच करू लागले. २०१७ चा सोनी ए९ सेकंदाला ६० वेळा फोकसचा हिशेब करू शकत होता.

जाता जाता: कॅननच्या 'एआय सर्व्हो'मधलं एआय म्हणजे आजचं चॅटबॉटवालं एआय नाही. हे नाव फिल्म कॅमेऱ्यांच्या काळापासूनचं आहे.

## दुसरा प्रश्न: फ्रेममध्ये कुठे पाहायचं?

कंटिन्युअस मोड लावला, तरी पाठलाग कोणाचा करायचा हे सांगायचं राहतंच. ते एएफ एरिया सांगतो. कंपनीनुसार नावं बदलतात, पण प्रकार साधारण हेच.

सिंगल पॉइंट. एकच छोटा चौकोन. तो जिथे, तिथेच फोकस. अचूकता सर्वांत जास्त, पण पळणाऱ्या विषयावर तो चौकोन टिकवून धरणं अवघड. विषयाच्या पुढे फांद्या, गवत, जाळी असेल तर मात्र हाच उपयोगी.

डायनॅमिक किंवा एक्सपांडेड. मधला पॉइंट मुख्य, पण विषय क्षणभर निसटला तर आजूबाजूचे पॉइंट मदतीला येतात. माणसांच्या खेळांसाठी सुरुवात इथून करा.

झोन. फ्रेमचा एक मोठा तुकडा. त्यात कुठेही विषय असला तरी चालतो. बरेच कॅमेरे झोनमधल्या सर्वांत जवळच्या गोष्टीला प्राधान्य देतात. म्हणून विषयाच्या पुढे काही नसेल तेव्हा हा छान चालतो. पुढे प्रेक्षकांची डोकी असतील, तर फोकस त्या डोक्यांवर जाण्याची शक्यता असते.

वाइड किंवा ऑटो. पूर्ण फ्रेम. मोकळं आकाश आणि त्यात एकच पक्षी, अशा वेळी उत्तम. गर्दीत मात्र कॅमेरा कोणालाही निवडू शकतो.

ट्रॅकिंग. निकॉनमध्ये थ्रीडी ट्रॅकिंग, सोनीमध्ये नुसतं ट्रॅकिंग. तुम्ही सुरुवातीला एका गोष्टीवर पॉइंट ठेवता, मग ती फ्रेममध्ये कुठेही गेली तरी चौकोन तिच्या मागे सरकतो. रंग, आकार आणि अंतर यांवरून कॅमेरा तिला ओळखत राहतो. एकाच रंगाच्या जर्सीतले दहा खेळाडू एकत्र आले की जुन्या कॅमेऱ्यांची इथे तारांबळ उडते.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच: विषयाभोवती जेवढी गर्दी, तेवढा एरिया लहान. विषय जेवढा बेभरवशाचा आणि मागचा भाग जेवढा मोकळा, तेवढा एरिया मोठा.

## डोळे, प्राणी, गाड्या ओळखणारे कॅमेरे

गेल्या काही वर्षांतले मिररलेस कॅमेरे नुसता चौकोन पाहत नाहीत, तर चौकोनात काय आहे तेही ओळखतात. माणसाचा डोळा, कुत्रा, मांजर, पक्षी, गाडी असे पर्याय मेनूमध्ये मिळतात. २०२० चा कॅनन ईओएस आर५ कुत्रे, मांजरी आणि पक्षी ओळखू लागला. त्यानंतर अशी सोय तुलनेनं स्वस्त कॅमेऱ्यांतही आली.

या सोयीमुळे काम खरंच हलकं झालं आहे. पण दोन पथ्यं पाळा.

एक, विषयाचा प्रकार योग्य निवडा. सेटिंग 'माणूस' असेल आणि तुम्ही पक्ष्याचा फोटो काढत असाल, तर कॅमेरा काठावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा शोधून काढेल. काही कॅमेऱ्यांत प्रकार आपोआप ओळखण्याची सोय असते, पण विषय ठरलेला असेल तर तो स्वतः निवडलेला बरा.

दोन, ही सोय फोकस मोडची जागा घेत नाही. एएफ-एस लावून डोळा ओळखला, तरी फोकस तिथेच थांबतो. डोळ्याचा पाठलाग व्हायला हवा असेल तर कंटिन्युअस मोड लागतोच.

## मध्येच कोणी आडवं आलं तर?

आषाढी वारीतलं रिंगण डोळ्यांसमोर आणा. अश्व दौडत येतोय आणि तुमच्या आणि त्याच्यामध्ये पताका, उंचावलेले हात, डोकी. तुम्ही अश्वाचा पाठलाग करत असताना एक पताका समोर येते आणि फोकस पताकेवर उडी मारतो. पताका बाजूला होईपर्यंत अश्व पुढे निघून गेलेला असतो.

यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी नावाचं सेटिंग असतं. आडवं काही आलं तर किती वेळ धीर धरायचा, हे ते ठरवतं. कॅननमध्ये उणे बाजूला नेलं की कॅमेरा मूळ विषयाला चिकटून राहतो. सोनीमध्ये १ म्हणजे चिकट आणि ५ म्हणजे चपळ. निकॉनमध्ये मोजणी उलटी आहे: १ म्हणजे लगेच उडी मारणारा, ५ म्हणजे थांबून पाहणारा.

रिंगण, कबड्डी, फुटबॉल अशा गर्दीच्या ठिकाणी कॅमेरा चिकट ठेवा. एका पक्ष्यावरून दुसऱ्या पक्ष्यावर झटकन जायचं असेल, तर चपळ ठेवा. नक्की काय करावं कळत नसेल तर मधल्या आकड्याला हात लावू नका. बहुतेक वेळा तो पुरेसा असतो.

## अंगठ्यानं फोकस: बॅक बटन

नेहमीच्या पद्धतीत एकच बोट दोन कामं करतं. शटर बटण अर्धवट दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. बॅक बटन फोकसमध्ये ही कामं वाटून दिली जातात. कॅमेऱ्याच्या मागचं एएफ-ऑन बटण अंगठ्यानं दाबायचं, फोकस त्याच्याकडे. शटर बटण फक्त फोटो काढणार.

याचा फायदा हा, की मोड न बदलता दोन्ही कामं होतात. कॅमेरा कायम कंटिन्युअसवर ठेवा. अंगठा दाबून धरला तर पाठलाग सुरू, अंगठा उचलला तर फोकस तिथेच थांबला. बसलेला पक्षी टिपायचा असेल तर एकदा दाबून सोडा आणि फ्रेम हवी तशी बदला. तो उडाला की पुन्हा अंगठा दाबून धरा.

एएफ-ऑन बटण नसेल, तर अनेक कॅमेऱ्यांत तेच काम एई लॉकच्या बटणाला देता येतं. सुरुवातीचे काही दिवस अंगठा विसरतो आणि फोटो फुकट जातात. म्हणून ही सवय महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

## कोणत्या प्रसंगी काय लावायचं?

सगळीकडे फोकस मोड कंटिन्युअसच आहे. बदलतो तो एरिया आणि शटर स्पीड.

धावणारं मूल, पळणारा कुत्रा. डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि एरिया वाइड ठेवा. नसेल तर डायनॅमिक किंवा छोटा झोन. कॅमेरा मुलाच्या उंचीवर आणा, म्हणजे मागचा भाग लांब जातो आणि फोकस चुकण्याची शक्यता कमी होते. १/१००० सेकंद. ॲपर्चर एफ/१.८ ऐवजी एफ/४ केलं, तर स्पष्ट पट्टा दुपटीहून मोठा होतो.

कबड्डी. डायनॅमिक एरिया, पॉइंट चढाईपटूच्या छातीवर. ट्रॅकिंग चिकट. इनडोअर सामन्यात उजेड कमी असतो, म्हणून मोठ्या ॲपर्चरची लेन्स वापरा आणि आयएसओ वाढवायला घाबरू नका. प्रत्येक हालचालीमागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा मध्यरेषेच्या आसपास लक्ष ठेवा. सुटून परत येणारा चढाईपटू तिथेच झेप घेतो.

वारीतलं रिंगण. अश्वाच्या पुढे गर्दी असेल तर लहान एरिया, समोर मोकळी जागा मिळाली तर झोन. प्राणी ओळखण्याची सोय असेल तर आधी तपासून घ्या, कारण घोडा सगळ्याच मॉडेल्सना ओळखता येत नाही. गोल रिंगणात अश्व तुमच्या समोरून पुन्हा येण्याची शक्यता असते. पहिली फेरी नुसती पाहून तो कुठून वळतो ते हेरून ठेवलं तर पुढच्या वेळी तयार राहता येतं.

भिगवणचे रोहित. उजनीच्या पाणफुगवट्यावरचे हे पक्षी उडण्याआधी पाण्यावरून काही पावलं धावतात. म्हणजे तुम्हाला सूचना मिळते. तेवढ्यात बटण अर्धवट दाबून पाठलाग सुरू करा. मागे आकाश असेल तर वाइड किंवा मोठा झोन. मागे झाडं किंवा पाण्याच्या चमकत्या लाटा असतील तर एरिया लहान करा. १/२००० सेकंद. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर फक्त लांबच्या अंतरावर ठेवा, म्हणजे फोकस एकदा चुकला तरी लेन्स अगदी जवळच्या टोकापर्यंत जाऊन वेळ घालवत नाही.

ताडोब्यातला वाघ. वाघ बऱ्याचदा सावकाश चालतो. अडचण वेगाची नसून गवताची आणि बांबूची असते. इथे सिंगल पॉइंट, थेट डोळ्यावर. झोन लावला तर गवताच्या काड्या लख्ख आणि वाघ धूसर, असा फोटो मिळण्याची भीती जास्त.

## मोबाइलवर काय करायचं?

फोनचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे स्पष्ट पट्टा आपोआप मोठा मिळतो. म्हणून फोनवर फोकस चुकण्यापेक्षा शटर स्पीड कमी पडल्यानं फोटो जास्त बिघडतात. घरात, संध्याकाळी किंवा नाईट मोडमध्ये हे हमखास होतं.

- हलणाऱ्या विषयावर बोट दाबून धरून फोकस लॉक करू नका. आयफोनवर 'एई/एएफ लॉक' असं दिसलं की फोकस अडकला. हा फोनवरचा सिंगल मोडच आहे.
- काही अँड्रॉइड फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ट्रॅकिंग ऑटोफोकसचा पर्याय असतो. तो चालू करून विषयावर एकदा टॅप करा.
- एकच फोटो काढण्यापेक्षा बर्स्ट वापरा आणि त्यातला चांगला निवडा.
- पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. त्यातला मागचा धूसरपणा सॉफ्टवेअरनं तयार केलेला असतो आणि पळणाऱ्या मुलाचे केस, हात त्यात अर्धवट पुसले जातात.
- शक्य असेल तर उजेडात या. फोनसाठी हा सर्वांत मोठा उपाय आहे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंटिन्युअस मोड कायमच चालू ठेवला तर? चालेल. बॅटरी थोडी जास्त खर्च होते आणि फोकस घेऊन फ्रेम बदलायची सवय सोडावी लागते. बॅक बटन वापरणारे बरेच जण मोड कधी बदलतच नाहीत.

कंटिन्युअस मोडमध्येही काही फोटो धूसर का येतात? अनेक कॅमेऱ्यांत या मोडमध्ये 'रिलीज प्रायॉरिटी' लावलेली असते. म्हणजे फोकस पूर्ण लागो न लागो, बटण दाबलं की फोटो निघणार. मेनूमध्ये जाऊन 'फोकस प्रायॉरिटी' किंवा मधला पर्याय निवडता येतो. मग सेकंदाला फोटो थोडे कमी निघतात, पण स्पष्ट फोटोंचं प्रमाण वाढतं.

बर्स्टमधला पहिलाच फोटो स्पष्ट आणि बाकीचे धूसर, असं का? फोकस मोड सिंगलवर राहिला आहे का ते आधी पाहा. नसेल तर मॅन्युअल तपासा. काही कॅमेरे सर्वांत वेगवान बर्स्टमध्ये पहिल्या फोटोचाच फोकस पुढे वापरतात. बर्स्टचा वेग एक पायरी कमी केला की अडचण सुटते.

कॅमेरा जुना आहे, अवघे ९ किंवा ११ पॉइंट आहेत. मग? मधला पॉइंट वापरा. जुन्या डीएसएलआरमध्ये बहुधा तोच सर्वांत भरवशाचा असतो. विषय मध्यभागी ठेवा, फ्रेम थोडी मोकळी घ्या आणि नंतर क्रॉप करा.

## घराजवळ अर्ध्या तासाचा सराव

घरातल्या कोणाला तरी सायकल घेऊन तीस-चाळीस मीटर लांब उभं करा आणि सरळ तुमच्याकडे यायला सांगा. पहिल्या वेळी सिंगल मोडमध्ये वीस फोटो काढा, दुसऱ्या वेळी कंटिन्युअस आणि डायनॅमिक एरिया लावून वीस, तिसऱ्या वेळी कंटिन्युअस आणि झोन लावून वीस. शटर स्पीड तिन्ही वेळा १/१००० च ठेवा, म्हणजे फरक फक्त फोकसचा राहील.

मग मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक फोटोतला चेहरा झूम करून पाहा आणि किती स्पष्ट आले ते मोजा. सगळे साठ स्पष्ट येणार नाहीत, महागड्या कॅमेऱ्यावरही येत नाहीत. पण तुमचा कॅमेरा कोणत्या मोडमध्ये किती साथ देतो, हे तुम्हाला नेमकं कळेल. पुढच्या शर्यतीच्या दिवशी मेनूत शोधाशोध करायची वेळ येणार नाही.